१८०३ : वऱ्हाडचा हिशेब

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात १८०३ या वर्षाला फार तर अर्धे पान मिळते. दुसरे इंग्रज-मराठा युद्ध, असईची लढाई, शिंदे-भोसल्यांचा पराभव, दोन तह. विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. पण या अर्ध्या पानातला उत्तरार्ध कोठे घडला, हे नकाशावर बोट ठेवून पाहावे. अडगाव अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात. गाविलगड अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या शेजारी. पहिला तह ज्या देवगावी झाला ते गाविलगडाच्या पायथ्याला, आणि दुसरा जेथे झाला ती अंजनगाव-सुर्जी आपल्या रोजच्या येण्याजाण्यातली. अडगाव ते गाविलगड हे सरळ रेषेतले अंतर पन्नास किलोमीटरांच्या आसपास भरते. २९ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर १८०३ या बत्तीस दिवसांत एवढ्याशा पट्ट्यात एक लढाई, एक वेढा आणि दोन तह झाले. आणि पुढची दीडशे वर्षे वऱ्हाड कोणाच्या नावे राहील, कोणाच्या कर्जाला तारण पडेल, याचा पाया घातला गेला.

आम्ही इतिहासाचे पंडित नाही. आमचे आयुष्य गिरण्यांच्या दारात, जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात आणि कामगारांच्या पगारपत्रकांवर गेले. इतिहास वाचला तो सभा संपल्यावर, कंदिलाखाली आणि पुढे सार्वजनिक वाचनालयात. त्यामुळे आमची एक खोड झाली आहे. कोणताही उद्योग समोर आला की आम्ही आधी हजेरीपट मागतो. पगार कोणाला मिळाला आणि वेळेवर मिळाला का? ओझे कोणाच्या खांद्यावर होते? आणि शेवटी सही कोणी केली? हे तीनच प्रश्न १८०३ सालाला विचारावेत, असे आम्ही योजले आहे.

एका शेताला दोन धनी

त्यासाठी लढाईच्या आधीचे वऱ्हाड पाहिले पाहिजे. १७२४ साली आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनचा तो स्वतंत्र धनी झाला. वऱ्हाड त्याच्याकडे आले. पण त्याच काळात नागपूरकर भोसल्यांचे बळ वाढत होते. चौथ, सरदेशमुखी, घासदाणा अशा हक्कांच्या नावाने त्यांची वसुली वऱ्हाडच्या गावोगाव सुरू झाली. निजामाचा अंमलदार एका वाटेने येई, भोसल्यांचा दुसऱ्या वाटेने. यालाच दुअंमल म्हणत. वाट्यावरून दोघांचे तंटे चालत, कधी तलवारीही निघत. शेतकऱ्याला मात्र दोघांनाही तोंड द्यावे लागे. गावचा पाटील आणि परगण्याचा देशमुख यांची सारी हुशारी एकाला समजावण्यात आणि दुसऱ्याला थोपवण्यात खर्ची पडे.

दुअंमलात रयतेचे थोडेफार साधतही असे. दोन धनी भांडत असले की मधल्या माणसाला कधी कधी श्वास घ्यायला जागा मिळते. परंतु दोघांपैकी एकालाही पडीक जमीन लागवडीस आणावी, विहीर बांधावी, रस्ता करावा असे वाटण्याचे कारण नव्हते. उद्याचे पीक आपल्यालाच मिळेल याची खात्री नसलेला धनी आजच्याच पिकावर हात मारतो.

युद्ध दाराशी कसे आले

या युद्धाची सुरुवात वऱ्हाडात झाली नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसर येथे यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव पुणे सोडून वसईस इंग्रजांच्या आश्रयाला गेले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी वसईचा तह केला. इंग्रजांची तैनाती फौज कायमची पदरी ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा, हे त्यातले मुख्य कलम. मे १८०३ मध्ये इंग्रज फौजेने बाजीरावांना परत गादीवर बसवले.

मराठी राज्याचा प्रमुखच इंग्रजांच्या पगारी संरक्षणाखाली गेला, ही गोष्ट दौलतराव शिंदे आणि दुसरे रघूजी भोसले यांना मानवणे शक्य नव्हते. जून १८०३ मध्ये दोघांच्या छावण्या वऱ्हाड-खानदेशच्या सीमेवर एकत्र आल्या. दौलतरावांचे वय तेव्हा चोविशीच्या आसपास होते. यशवंतरावांना सोबत घेण्याची खटपट झाली, ती फळाला आली नाही. ते बाजूला राहिले. ३ ऑगस्टला इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स शिंद्यांची छावणी सोडून निघाला आणि युद्ध जुंपले. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली दक्षिणेतील इंग्रज फौजेचा सेनापती होता. त्याने १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. तिकडे उत्तरेत लेकने सप्टेंबरात अलीगड आणि दिल्ली घेतली. ऑक्टोबरात भोसल्यांचे कटक गेले, बऱ्हाणपूर आणि असीरगडही गेले. नोव्हेंबर संपता संपता युद्ध वऱ्हाडात उतरले.

पगाराचा प्रश्न

आता आमचा पहिला प्रश्न. या पराभवाची कारणे सांगताना फितुरी, दुही आणि इंग्रजांची शिस्त ही तीन नावे नेहमी येतात. ती खोटी नाहीत. पण त्यांच्या मुळाशी एक साधी बाब आहे आणि ती खतावणीत सापडते. मराठी सरदारांच्या फौजांचा पगार महिनोन् महिने थकलेला असे. तलब चढली की शिपाई सरदाराच्या दाराशी धरणे धरून बसत, तकाजा लावत. धरणे हा शब्द कामगार चळवळीने शोधून काढला अशी अनेकांची समजूत आहे. तो आमच्या कितीतरी पिढ्या आधी या देशातल्या शिपायाने वापरला आहे. शिंद्यांच्या फौजेची तलब भागवण्यासाठी १७९८ साली सर्जेराव घाटग्याने पुण्याच्या सावकारांवर आणि नागरिकांवर काय जुलूम केले, हे प्रसिद्धच आहे. पेंढाऱ्यांना तर पगारच नव्हता. पगाराच्या जागी लुटीची परवानगी होती. म्हणजे मालकाने द्यायची मजुरी वाटेतल्या शेतकऱ्याने द्यायची.

शिंद्यांच्या कवायती पलटणी मात्र नामांकित होत्या. द बॉइन्य या सेनानीने त्या उभारल्या आणि तो गेल्यावर पेराँ या फ्रेंच सेनानीने त्या चालवल्या. परंतु अधिकारी बहुतेक परके. युद्ध सुरू होताच कंपनी सरकारने जाहीरनामा काढला : शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना पेन्शन मिळेल. अनेकजण गेले. खुद्द पेराँने सप्टेंबरात इंग्रजांच्या छत्राखाली जाऊन चाकरी संपवली. मागे राहिले ते देशी शिपाई आणि गोलंदाज. असईच्या रणात तोफेजवळ शेवटपर्यंत उभे राहून जे कापले गेले ते हेच गोलंदाज, आणि याची साक्ष शत्रूनेच दिली आहे. व्यवस्थापक करार करून बाहेर पडतो आणि यंत्राजवळचा माणूस यंत्राजवळच मरतो, हा अनुभव कारखान्यांनी निर्माण केलेला नाही.

इंग्रज धर्मात्मे होते म्हणून जिंकले, असे यातून कोणी समजू नये. १८०६ साली वेल्लोरला त्यांच्याच मद्रासी शिपायांनी बंड केले, तेव्हा त्या शिस्तीची दुसरी बाजू दिसली. पण पगार बऱ्यापैकी नेमाने देणे, धान्य आणि बैल यांचा बंदोबस्त लढाईच्या आधी करणे, हे वेलस्लीने म्हैसूरच्या मोहिमांत शिकून घेतले होते. त्याच्या पत्रव्यवहारात लढाईइतकीच चिंता बैलांची, तांदळाची आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांची दिसते. ज्याला आपण सेनापतीची बुद्धी म्हणतो, तिच्यातला मोठा भाग बैलांच्या पाठीवरून चालत होता.

अडगाव

नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात शिंद्यांच्या वकिलाने वेलस्लीशी तात्पुरता तह केला. शिंद्यांची फौज एलिचपूरच्या पूर्वेला दूर जाऊन राहावी, अशी त्यात अट होती. ती पाळली गेली नाही, आणि भोसले तर या तहात नव्हतेच. २९ नोव्हेंबरला भोसल्यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखालची फौज आणि तिच्या बाजूला शिंद्यांचे घोडदळ अडगावच्या मैदानात उभे राहिले. वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजा त्या दिवशी लांबची मजल मारून आल्या होत्या. दुपार टळल्यावर लढाईला तोंड लागले.

सुरुवातीलाच एक विलक्षण प्रकार झाला. भोसल्यांच्या तोफा सुरू होताच कंपनीच्या तीन देशी पलटणी मोडून मागे पळाल्या. असईच्या भयंकर रणात दोन महिन्यांपूर्वी याच पलटणी पाय रोवून उभ्या होत्या. वेलस्ली जवळच होता. त्याने त्यांना शिव्याशाप दिले नाहीत, आडोशाला नेऊन पुन्हा रांगेत उभे केले आणि परत पुढे आणले. मग त्या नीट लढल्या. भित्रा आणि शूर असे माणसांचे दोन कप्पे करणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. तीच माणसे, तेच हात. दमणूक, जागा आणि सांभाळणारा यांनी फरक पडतो. संप फुटला की कामगाराला नादान ठरवून मोकळे होणाऱ्या पुढाऱ्यांनी तर तो जरूर लक्षात ठेवावा.

भोसल्यांच्या बाजूने सुमारे पाचशे परदेशी पायदळ थेट गोऱ्या पलटणींवर चालून गेले आणि जवळजवळ सगळे तेथेच पडले. शिंद्यांच्या घोडदळाचा हल्ला परतवला गेला. दिवस मावळायच्या सुमारास फौज फुटली. चांदण्यात कित्येक मैल पाठलाग चालला. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्यांच्याकडील मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास. आपल्याकडील पडलेल्यांची मोजदाद झालीच नाही. ज्यांची नावे हजेरीपटावर पक्की नसतात, त्यांच्या मरणाचीही नोंद होत नाही.

गाविलगड

अडगावहून फुटलेले पायदळ गाविलगडात शिरले. हा गड साधा नव्हे. १४२५-२६ च्या सुमारास अहमदशहा बहमनीने तो बांधला आणि पुढे इमादशाहीत तो मजबूत झाला. दक्षिणेकडून उभा कडा, त्यामुळे वऱ्हाडच्या मैदानातून चढणे दुरापास्त. कमजोर बाजू उत्तरेची, पण तिकडे जायला सातपुड्याचे डोंगर आणि मेळघाटचे रान ओलांडावे लागते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जखमींना एलिचपुरात ठेवून इंग्रज फौजा निघाल्या. वेलस्ली दक्षिणेच्या पायथ्याशी राहिला. स्टीव्हन्सनने अवजड तोफा घेऊन डोंगराचा मार्ग धरला.

येथे आमचा दुसरा प्रश्न येतो : ओझे कोणी वाहिले? सुमारे तीस मैलांचा हा मार्ग. वाट नव्हतीच, ती आधी खोदून करायची आणि मग तिच्यावरून तोफा ओढायच्या. वेलस्लीच्या अहवालात स्पष्ट लिहिले आहे की अवजड तोफा आणि सामान जवळजवळ सर्व अंतर हातांनी ओढून न्यावे लागले. ७ ते १२ डिसेंबर हे काम चालले. ज्यांनी कुदळी मारल्या, दोर ओढले, डोल्या वाहिल्या, त्यांतले बहुतेक याच देशातले. ज्यांचा किल्ला फोडायचा तेही याच देशातले. मेळघाटात आज आपण मोटारीने जातो आणि हवेची तारीफ करतो. त्या घाटात दोर खांद्यावर घेऊन वाकलेली ती माणसे एकदा डोळ्यांसमोर आणावीत. त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

१३ डिसेंबरला तोफा सुरू झाल्या, १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला खिंडार पडले, १५ ला हल्ला झाला. बाहेरचा किल्ला पडला. आतल्या तटाला खिंडार नव्हते. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून तो चढला आणि आतून दरवाजा उघडला. मग दरवाजांजवळ भयंकर कत्तल झाली. किल्लेदार बेणीसिंग राजपूत आपल्या माणसांसह लढत पडला. त्याने शरणचिठ्ठी लिहिली नाही, एवढे त्याचे ऋण आपण मान्य केलेच पाहिजे.

दोन कागद

गड पडल्यावर दोन दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगावचा तह झाला. भोसल्यांच्या वतीने वकील यशवंतराव रामचंद्र बोलणी करीत होते. भोसल्यांनी बालासोर बंदरासह कटक प्रांत कंपनीला दिला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. नरनाळा, गाविलगड आणि त्यांच्या लगतचा चार लाखांचा मुलूख तेवढा त्यांच्याकडे राहिला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. शिंद्यांनी गंगा-यमुनेमधला दुआब, भडोच, अहमदनगरचा किल्ला आणि अजिंठ्याच्या दक्षिणेकडील मुलूख सोडला. दिल्लीच्या बादशहावरचा त्यांचा ताबाही संपला. दिल्लीच्या भवितव्याचा कागद वऱ्हाडच्या एका गावात झाला, हे अंजनगावकरांनी अभिमानाने नव्हे, पण आवर्जून सांगावे.

दोन्ही तहांत एक कलम सारखे आहे. कोणा फ्रेंच माणसाला, किंवा इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या देशाच्या माणसाला, चाकरीत ठेवायचे नाही. मे १८०३ मध्ये इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध पुन्हा पेटले होते आणि त्याची झळ अशी आपल्या तहनाम्यांत आली. फ्रान्सचे नाव निघालेच आहे तर एक तुलना करू. १७८९ साली फ्रान्सच्या राजाने राष्ट्रसभा बोलावली, तेव्हा गावोगावच्या लोकांनी आपल्या तक्रारींच्या याद्या लिहून पाठवल्या : मीठावरचा कर, जमीनदाराचा हक्क, वेठ. हजारो गावांच्या याद्या तयार झाल्या. त्या याद्यांनीच सर्व झाले असे नाही. पण राज्याच्या घडामोडीत गावाला विचारावे लागते, ही कल्पना कागदावर उतरली. त्यानंतर चौदा वर्षांनी देवगाव आणि अंजनगाव येथे जे कागद झाले, त्यांत वऱ्हाडच्या एकाही गावाला काही विचारले गेले नाही. भोसल्यांनी सोडलेला वऱ्हाडचा मुलूख १८०४ च्या एप्रिलमधील वाटणीत इंग्रजांनी आपला दोस्त निजाम याला दिला. दोन धन्यांचे एक झाले. शेतकऱ्याला कळले असेल ते दुसऱ्या वाटेने येणारा अंमलदार दिसेनासा झाला तेव्हा.

आणि त्याच सुमारास दख्खनवर दुष्काळ कोसळला. पाऊस हटला होता, आणि वर्षभर फौजांनी धान्य, कडबा आणि बैल ओढून नेले होते. १८०४ साली अहमदनगरला उपाशी लोकांना पोटापुरते देण्यासाठी वेलस्लीलाच कामे काढावी लागली. लढाईत मेलेल्यांपेक्षा लढाईमागून आलेल्या भुकेने मेलेल्यांचा विचार आपण कमी करतो. त्यांना स्मारक नसते, एवढेच त्याचे कारण.

तारण पडलेला प्रांत

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे सही कोणी केली आणि देणे कोणावर आले याचे उत्तर, पुढच्या शंभर वर्षांत मिळते. निजामाची फौज कुचकामी आहे असे म्हणत इंग्रजांनी त्याच्या नावाने आणि त्याच्या खर्चाने, पण आपल्या अधिकाऱ्यांखाली, एक फौज उभी केली. हीच हैदराबाद कंटिंजंट. एलिचपूरजवळची परतवाड्याची छावणी तिचीच. निजामाचा मंत्री चंदूलाल याच्या काळात या फौजेचा पगार भागवण्यासाठी सावकारी पेढ्यांकडून जबर व्याजाने कर्ज काढले गेले. त्यात पामर आणि कंपनी ही पेढी पुढे होती. वऱ्हाडचा वसूल पेढ्यांकडे गहाण पडू लागला. अखेर थकलेल्या पगारापोटी २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडच इंग्रजांच्या ताब्यात दिले. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये खंडाने ते कायमचे पट्ट्यावर घेतले आणि १ ऑक्टोबर १९०३ रोजी मध्यप्रांताला जोडले. अडगावच्या लढाईला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होत होती.

शिपायांचा थकलेला पगार हे शिंदे-भोसल्यांच्या पराभवाचे एक कारण होते. शिपायांचा थकलेला पगार हेच वऱ्हाड तारण पडण्याचे निमित्त झाले. एकाने शिपायाला बुडवले म्हणून राज्य गेले. दुसऱ्याने, न मागितलेल्या शिपायाची मजुरी आपल्या शेतकऱ्याच्या माथी मारली म्हणून प्रांत गेला. आणि पट्टा कायमचा झाला तेव्हाही वऱ्हाडच्या माणसाला कोणी विचारले नाही.

हा हिशेब मांडण्यात आमचा हेतू कोणाचा पराक्रम कमी लेखण्याचा नाही. बेणीसिंग, असईचे गोलंदाज, अडगावचे ते पाचशे शिपाई यांच्यापुढे मान झुकतेच. पण आम्ही आमच्या उमेदीत असे कितीतरी करार पाहिले की जे बंद खोलीत झाले आणि सकाळी गिरणीच्या फाटकावर चिकटवले गेले. ज्यांच्या भाकरीचा तो करार, ते फाटकासमोर उभे राहून तो वाचत. वाचता न येणाऱ्यांना दुसरे वाचून दाखवत. देवगाव आणि अंजनगावच्या कागदांची जात हीच. आज आपल्याला मत आहे, संघटना आहे, सभा आहे, असे प्रश्न विचारायला ही व्याख्यानमाला आहे. १८०३ च्या वऱ्हाडी माणसाजवळ यांतले काहीही नव्हते.

म्हणून पुढल्या खेपेस चिखलदऱ्यास जाणे झाले तर गाविलगडाचे दरवाजे अवश्य पाहावेत, त्यांवरची शिल्पे पाहावीत. मग उत्तरेच्या बाजूला जाऊन मेळघाटाकडे तोंड करून उभे राहावे आणि त्या तोफा येथवर कशा आल्या, याचा विचार करावा. घरी आल्यावर, आपल्या गावाच्या, नगरपालिकेच्या, कारखान्याच्या नावाने जो कागद होत असेल, त्यावर सही कोणाची आहे आणि ओझे कोणाच्या खांद्यावर येणार आहे, हे विचारायला विसरू नये. आणि ते सही होण्याच्या आधी विचारावे.